कापडाने चुगली करायची नाही

वन्संनी वहिनीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहिनी खोटं बोलत होती.

अर्थात तेव्हा ती वहिनी नव्हती आणि ही वन्सं नव्हती. एक होती शिंप्याच्या दुकानात मागच्या मशीनवर बसून काजं करणारी मुलगी, आणि दुसरी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. शाळेचा नियम होता की वर्गावर जाताना शिक्षकांनी कोट घालायचा. त्याचं माप द्यायला ती आली होती. दुकान काजं करणाऱ्या मुलीच्या मामांचं. मामांचा हात चांगला होता, पण आवाज लिलाव करणाऱ्याचा. ते माप घेत आणि मोठ्याने पुकारत, म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला वहीत उतरवून घेता येई. त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मामांनी टेप खांद्यावर टाकली, एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, पाठीवरून बोट फिरवलं आणि पुकारा केला, "डावा खांदा दोन बोटं खाली! पाठीला बाक! उजवीकडचं हाड बाहेर!"

दुकानातली सगळी डोकी वळली. वन्संच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाढत्या वयात तिचा कणा एका बाजूला झुकत गेला होता. शाळेत पोरं तिला 'तिरकी' म्हणत. आता तीच पाठ दुसऱ्या पोरांकडे करून तिला रोज फळ्यावर लिहायचं होतं.

"मामा," मागून आवाज आला, "तुमची टेप पिळलीय. खांदे सारखेच आहेत. सरका, मी घेते माप."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. चष्मा घाला म्हणतेय."

दुकान हसलं, आणि वळलेली डोकी आपापल्या जागी गेली. टेप पिळलेली नव्हती. मामांना ते माहीत होतं, वन्संनाही माहीत होतं. पण त्या मुलीने इतक्या सहज सांगितलं की क्षणभर वन्संनासुद्धा वाटलं, खरंच पिळलेली असेल.

पडद्यामागे नेऊन तिने पुन्हा माप घेतलं. एक शब्द बोलली नाही आणि काही लिहूनही घेतलं नाही.

"लिहून नाही ठेवत?" वन्संनी विचारलं.

"वही चारचौघांच्या हातात पडते. माझं डोकं माझ्याच मानेवर असतं."

कोट तयार झाला तेव्हा वन्सं आरशासमोर उभी राहिली. मुलीने दुसरा आरसा मागे धरला. पाठ होती, कुणाचीही असते तशी. डाव्या खांद्यात अस्तराखाली कापडाचे थर एकावर एक बसवले होते. उजवीकडे उंच हाडावरून कापड असं उतरवलं होतं की उंचवटा नजरेला सापडतच नव्हता. मधली शिवण सरळ दिसावी म्हणून ती मुद्दाम वाकडी घातली होती.

"हे कसं जमवलंस?"

"कापडाने चुगली करायची नाही, एवढंच," मुलगी म्हणाली आणि तोंडात धरलेल्या टाचण्या काढून डबीत टाकू लागली.

कोटात थोडी दुरुस्ती होती. ती करून आणायला वन्संनी आपल्या थोरल्या भावाला, दादाला पाठवलं, तिथे गोष्ट वेगळ्याच वळणाला लागली. दादा वखारीत वजनकाट्यावर बसे. बोलणंही तोलूनमापून, चार शब्दांच्या जागी दोन. असा माणूस त्या वर्षी एकामागून एक शर्ट शिवून घेत सुटला. एकाची कॉलर टोचायची, दुसऱ्याची बाही लांब व्हायची. शेवटी मामाच म्हणाले, "अहो, शर्टात खोट नाही, तुमच्यात आहे. पोरीला विचारून टाका एकदाचं."

दादाने विचारलं. ती हो म्हणाली. पहिल्याच दिवशी तिने नणंदेला 'वन्सं' अशी हाक मारली, नणंदेने तिला 'वहिनी' म्हटलं, आणि दोघींची खरी नावं तेव्हापासून घरात जवळजवळ कुणी घेतली नाहीत.

मामांनी पुढे दुकान वहिनीच्या हाती दिलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक खोली. समोर मोठं टेबल, मागे दोन मशीन, मधे तो पडदा. वहिनीने पुकारा बंद केला. सगळी मापं पडद्यामागे, हळू आवाजात. हळूहळू तिच्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. ते समोरच्या बाजूने येत नसे. दुकान बंद व्हायच्या बेताला, कडेकडेने येई. मानेवर भाजल्याचा डाग असलेला बसचालक आला, त्याला तिने अशी कॉलर दिली की तो पुढे फोटो काढायला उभा राहू लागला. एक हात आखूड असलेला घड्याळजी आला. कमरेला पट्टा बांधावा लागणारी एक मुलगी आईबरोबर आली आणि रडत आली. जाताना तिला झग्याच्या घेराची काळजी पडली होती, पट्ट्याची नाही. वहिनी कुणाला 'कसं झालं' विचारत नसे. विचारायची ते एवढंच, "बसून काम की उभ्याने?"

आणि वन्सं? वन्सं वर्षानुवर्षं फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून उभी राहिली. जुना कोट विटला की वहिनी नवा शिवी. मुलं मास्तरांना नावं ठेवतातच. गणिताच्या सरांना 'भोपळा' म्हणत, मुख्याध्यापकांना 'घंटा'. आपल्याला काय म्हणत असतील, ह्या धास्तीत वन्सं बरेच दिवस होती. एकदा मधल्या सुट्टीत जिन्याखालून तिला ऐकू आलं, "पळा रे, फूटपट्टी आली!"

फूटपट्टी! ताठ उभी राहते म्हणून.

त्या दिवशी ती शाळेतून घरी न जाता थेट दुकानात गेली आणि वहिनीला सांगितलं. वहिनीने मशीनचं चाक थांबवलं, पदराने नव्हे, हातातल्या अस्तराच्या कापडानेच डोळे पुसले आणि हसत राहिली. "वन्सं," ती म्हणाली, "मला आजवर कुणी असं सर्टिफिकेट दिलं नव्हतं."

गाठ लागली ती वहिनीला स्वतःलाच, माप घेताना. स्वतःसाठी ब्लाउज बेतत होती. टेप छातीच्या उजव्या बाजूने फिरवली आणि बोट अडलं. दवाखाना, तपासण्या, शस्त्रक्रिया, मग औषधांच्या बाटल्या, मग केस गेले, मग आले. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा फोटो काढला, तेव्हा आजाराचा एक ठिपका हाडात सापडला. मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून नीट समजावलं. हा पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी धरून ठेवता येईल, कदाचित बरीच वर्षं.

"म्हणजे कायमचं गिऱ्हाईक," वहिनी म्हणाली. "जात नाही, पण डोक्यावरही बसू द्यायचं नाही."

डॉक्टर हसले. दादा हसला नाही. बाहेर आल्यावर तो नळाशी उभा राहून बराच वेळ तोंड धूत होता.

पण आजारापेक्षा वहिनीला जास्त छळलं उजव्या हाताने. बगलेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून हात सुजायला लागला. कोपराच्या वर तर तो डाव्याच्या जवळपास दीडपट झाला. औषधांनी बोटांची जाण गेली. सुई हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. एकदा इस्त्रीचा चटका बसला आणि वास आल्यावर तिला कळलं की आपलंच बोट भाजलंय. मोठी कात्री उचलली की खांद्यापासून कळ निघे. हळूहळू पोशाख येईनासे झाले; फक्त बटणं लावणं आणि चेन बदलणं उरलं. दादाचा पगार औषधांत जाऊ लागला. वन्संच्या पगारावर घर चाले आणि दुकानाचं भाडं थकलं. मालक भला माणूस होता, पण त्यालाही पोटपाणी होतं. "ताई, ह्या हंगामाअखेर काय ते सांगा," तो म्हणाला. "नाहीतर किल्ली द्या. मला दुसरा भाडेकरू बघावा लागेल."

किल्ली द्यायची म्हणजे टेबल, मशीन, पडदा, सगळं द्यायचं. वहिनी जेवायची थांबली नाही, रडलीही नाही. नुसती दुकानात जाऊन बसे आणि रिकाम्या टेबलावर हात फिरवी.

दवाखान्यातल्या समाजसेविकेने वाट दाखवली. ज्यांना आजारामुळे काम जमत नाही त्यांना सरकारकडून अपंगत्व भत्ता मिळतो. अर्ज करा, तपासणीला बोलावतील.

"अपंग?" वहिनी घरी येऊन म्हणाली. "मी?"

"तो कागदावरचा शब्द आहे," वन्सं म्हणाली. "तुला काय त्याची पाटी करून गळ्यात घालायचीय?"

"भीक आहे ती."

"भीक कशी? इतकी वर्षं कर भरलास, एकदा चुकवला नाहीस. छत्रीवाल्याकडे छत्री ठेवायची आणि पाऊस आला की परत मागायला लाजायचं?"

दादाने तोलूनमापून भर घातली. "छत्री आपलीच आहे."

वहिनी दोघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण जाईन ती नीट कपडे करून जाईन."

ह्या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, आणि तिथेच सगळं फसलं.

तपासणीच्या तारखेआधी वहिनीने डाव्या हाताने, रोज थोडं थोडं करून, एक ब्लाउज शिवला. फिका करडा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद. उजवी बाही सुजलेल्या हाताच्या मापाची. डाव्या बाहीत मऊ कापडाची घडी बसवली, इतकी की दोन्ही हात सारखे दिसावेत. बगलेत कापडाची जादा तिकोनी कळी घातली, म्हणजे हात थोडा उचलला तरी पुष्कळ उचलल्यासारखा वाटेल. पुढे मोत्यासारख्या बटणांची रांग होती, पण ती नुसती शोभेची. खाली वेल्क्रोची चिकटपट्टी, एका हाताने लागणारी. शस्त्रक्रियेने रिकामी झालेली बाजू तर तिने अशी भरली की वन्संनासुद्धा आठवून पाहावं लागलं, कोणती ती.

कार्यालयात त्या दिवशी टेबलामागे एक तरुण तपासनीस होता. आजाराची कागदपत्रं त्याच्यापुढे होतीच. पण भत्ता आजार असल्याचा नव्हता; आजारामुळे काय जमत नाही, त्याचा होता. तो एकेक प्रश्न वाचत गेला. स्वतःचे कपडे स्वतः घालता का? हो. बटणं लावता येतात? वहिनीने बटणांच्या रांगेवरून हात फिरवला. येतात. हात वर करून दाखवा. तिने दात आवळून उचलला, उरलेलं काम कळीने केलं. काही त्रास? 

आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगितलं तेच वहिनीच्या तोंडून निघालं, "तसं काही कळून येत नाही."

त्याने तेच लिहिलं. महिन्याभराने पत्र आलं: दोन्ही हात समान, हालचालीत लक्षणीय अडथळा दिसून येत नाही, अर्ज नामंजूर.

वन्संनी पत्र मोठ्याने वाचलं. वहिनीने ऐकून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. वन्संनी नीट पाहिलं, तो अभिमान होता.

"दोन्ही हात समान?" वहिनी म्हणाली. "असंच लिहिलंय?"

"वहिनी! नामंजूर झालाय अर्ज!"

"ते ऐकलं. पण समान म्हणाला ना?"

दादाने कपाळावर हात मारला. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," तो म्हणाला. हे त्याचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब बोलणं होतं. "तुझी मूठ इतकी झाकलेली की सरकारला वाटलं, हिला कुणाच्या हाताची गरजच नाही."

फेरतपासणी मागता येत होती. वन्संनी ती मागितली, आणि तारीख जवळ येऊ लागली तशी दोघींची जुंपली.

"ह्या वेळी घरातला जुना सैल झगा घाल," वन्सं म्हणाली. "हात दिसू दे."

"बिनइस्त्रीची मी गिऱ्हाइकापुढे कधी गेले नाही. सरकारपुढे जाऊ?"

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

"भांडं लपवत नाही हो. घासूनपुसून नेते, एवढंच."

"मग सांग तरी तोंडाने! विचारलं की 'जमत नाही' म्हण. दोन शब्द आहेत."

वहिनीने डाव्या हाताने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "वन्सं, तुम्हाला जमलं असतं? वर्गात उभं राहून सांगायला, माझी पाठ वाकडी आहे म्हणून?"

वन्सं उठली. तिने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं.

फेरतपासणीला एका वेळी एकच सोबती आत जाऊ शकत होता. दादा बाहेर फाटकाशी थांबला. प्रतीक्षेच्या खोलीत भिंतीला लागून बाकं होती, खिडकीवर नंबर पुकारला जात होता. वहिनी करडा ब्लाउज घालून ताठ बसली होती आणि समोरच्या लोकांकडे बघत होती. "त्या कुबडीवाल्याची विजार बघा," ती कुजबुजली. "एक पाय आखूड आहे, तर शिवण वर घ्यायला नको? कुणी शिवली असेल!"

"वहिनी, आपण इथे विजारी बघायला नाही आलो."

"मग काय भिंती बघू?"

आत डॉक्टरीणबाई होत्या. वयस्क, शांत, चष्मा नाकावर घसरलेला. सकाळपासून माणसं तपासून थकलेल्या दिसत होत्या, पण घाईत नव्हत्या. शाळेचा कोट घालून आलेल्या वन्संना त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "बाई, तुम्ही त्यांच्या वतीने बोलायचं नाही. त्यांचं त्यांना सांगू द्या."

मग विचारायला सुरुवात केली. प्रश्न तेच, जरा मायेने. आणि वहिनीची उत्तरंही तीच. कपडे घालता येतात. घरातलं जमतं. हात? होतो वर. डॉक्टरीणबाईंनी आधीचा अहवाल पाहिला, वहिनीकडे पाहिलं, पुन्हा अहवाल पाहिला. "मग अडचण नेमकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना.

वहिनीने तोंड उघडलं. ओठ हलले. वन्संना तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पण दोन शब्द काही बाहेर येईनात. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

वन्संच्या डोळ्यांपुढे दुकानाची किल्ली आली, मालकाच्या तळहातावर ठेवलेली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. पण मला एक सांगाल? माझे खांदे कसे आहेत?"

"काय?"

"खांदे. माझे. तुम्ही डॉक्टर आहात, मघापासून मी समोर बसलेय. कसे दिसतात?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "सरळ आहेत. का?"

वन्सं उठली. कोटाचं पहिलं बटण काढलं तेव्हाच वहिनीला कळलं. "वन्सं, नाही," ती म्हणाली. "वन्सं!" पण वन्संनी कोट उतरवला आणि पाठ करून उभी राहिली, रोज फळ्यापुढे उभी राहत असे तशी. आत पातळ पांढरा ब्लाउज होता. डावा खांदा खाली गेला होता. उजवीकडचं हाड कापडाखाली मुठीसारखं वर आलं होतं. घराबाहेरच्या कुणी ही पाठ मामांच्या दुकानानंतर पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

वन्सं वळली. तिने कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि वर्गात सांगावं तशा स्वच्छ आवाजात सांगितलं, "हा ह्या बाईंनी शिवलाय. शाळेतली मुलं मला फूटपट्टी म्हणतात. जिने माझी पाठ तीस वर्षं कुणाला कळू दिली नाही, तिने आपला हात तुम्हाला कळू दिला नाही, ह्यात नवल काय? एवढंच. मी बसते."

डॉक्टरीणबाईंनी अस्तरावरून बोट फिरवलं. खांद्यातले थर चाचपले, ती वाकडी शिवण शेवटापर्यंत पाहिली. मग वहिनीकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुमच्या ब्लाउजची आतली बाजू मला बघायला मिळेल?"

वहिनी वन्संकडे बघत होती. पातळ ब्लाउजात, वाकड्या खांद्यांनी, दाराजवळच्या खुर्चीवर वन्सं हात मांडीवर ठेवून बसली होती. खोलीत लपायला पडदाही नव्हता.

"बघा," वहिनी म्हणाली. डाव्या हाताने तिने चिकटपट्टी ओढली. कर्रकन आवाज झाला. "ही बटणं खोटी आहेत. खरी लावता येत नाहीत मला. हात वर गेला तो माझा नाही, कळीचा. बोटांना सुई लागत नाही. कात्री उचलता येत नाही. इस्त्री नाही. मशीनचं चाक नाही. केस विंचरायला ह्या लागतात," तिने वन्संकडे मान हलवली. "तपासनीसदादांना मी हो हो म्हटलं. त्यांची चूक नाही. मी काम चांगलं केलं होतं."

शेवटचं वाक्य म्हणताना तिची मान ताठच होती.

डॉक्टरीणबाईंनी टेप काढली. सुजलेल्या हाताचं माप घेताना टेपचं दुसरं टोक वहिनीने सवयीने डाव्या चिमटीत धरलं. दोघींनी मिळून माप घेतलं. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात आकडा म्हटला आणि लिहिला. तो पुकारला नाही, हे वहिनीच्या लक्षात आलं. तिने घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

बाहेर आल्यावर मात्र तिने वन्संना धारेवर धरलं. "माझं तीस वर्षांचं काम एका मिनिटात उलगडून ठेवलंत! परक्या खोलीत!"

"तुझं काम दाखवलं. माझी पाठ नाही."

"दोन्ही दिसलं."

"मग दिसलं."

वहिनी तोंड फिरवून चालू लागली. चार पावलांवर थांबली, वन्सं येईपर्यंत उभी राहिली आणि डाव्या हाताने तिचं कोपर धरलं.

कोट वन्संच्या हातावरच होता. ऊन होतं म्हणून घातला नाही, असं ती नंतर म्हणाली. ती तशीच फाटकापर्यंत आली. दादाने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग कोट आपल्या हातात घेतला आणि वजनकाट्यावरच्या माणसाच्या सवयीने वरखाली करून पाहिला.

"एवढं ओझं रोज अंगावर?" तो म्हणाला.

"जाणवायचं नाही," वन्सं म्हणाली. "चांगला शिवलाय."

भत्ता मंजूर झाल्याचं पत्र आलं ते वहिनीने एकदाच वाचायला लावलं आणि बटणांच्या खणात टाकून दिलं. पहिल्या पत्रातली 'दोन्ही हात समान' ही ओळ मात्र तिने कापून ठेवली आहे, आरशाच्या चौकटीत. दादा तिला चिडवतो, "सरकारने दोनदा अर्ज तपासला. हिला नापास केल्याचाच निकाल आवडला." दुकानाचं भाडं आता त्या भत्त्यातून जातं आणि किल्ली घरातच खिळ्याला असते.

वन्संनी शाळा सोडेपर्यंत कोट घातलाच. इतका चांगला शिवलेला कोट घरात टांगून ठेवायचा का, असं ती विचारी. फक्त दुपारी फार उकडलं तर खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवी आणि तशीच फळ्यावर लिही. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मागच्या बाकावर काहीतरी कुजबुज झाली. तिने खडू न थांबवता विचारलं, "काय रे?" "काही नाही, बाई." आणि जिन्याखाली नाव शेवटपर्यंत फूटपट्टीच राहिलं.

निवृत्त झाल्यावर ती दुकानात जाऊ लागली. पहिलं कापड तिने वाकडं कापलं. "फूटपट्टी म्हणे!" वहिनी म्हणाली. दुसरंही वाकडंच गेलं. मग वहिनीने तिला जुन्या चादरी दिल्या आणि त्या संपेपर्यंत खऱ्या कापडाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी कडेकडेने येणारी गिऱ्हाइकं पुन्हा येऊ लागली आहेत. वहिनी रोज एक गोळी घेते, ठरल्या वेळी तपासून येते आणि दुपारपर्यंत झोपून, उन्हं उतरली की दुकान उघडते. पडद्यामागे माप ती घेते आणि टेबलावर खडूने रेघा मारते, डाव्या हाताने. कात्री वन्सं चालवते.